तिसरा मजला, लिफ्ट नाही

जहांगीर आर्ट गॅलरीच्या आसपास राहायला जागा शोधणे हा विषय आपल्या सिलॅबसमध्ये नाही. तरी सेमिस्टरच्या सुट्टीत त्यावर मी जेवढा अभ्यास केला, तेवढा एम-थ्रीवरही कधी केला नव्हता. कारण आमचे आबा. साताऱ्याकडच्या शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली. पण १९५२ साली उघडलेली ही गॅलरी पाहिली ती फक्त पेपरातल्या कात्रणांत. वय ७८, दोन्ही गुडघे संपावर. "आता नाही तर कधी रे?" म्हणाले.

आपण हॉस्टेलवाले काय, भाडं बघतो आणि सॅक टाकतो. इथे भाडं दुय्यम! फोर्टातल्या जुन्या इमारतींत स्वस्त लॉज असतात, पण वर. लाकडी जिना, दोन खोल्यांमध्ये प्लायवूडचं पार्टिशन, संडास पॅसेजच्या टोकाला. नकाशावर 'गॅलरीपासून ८०० मीटर' असं ऐटीत लिहिलेलं असतं. पायऱ्या किती, ते कोणी लिहीत नाही. कुलाब्याकडे लिफ्ट आहे, पण भाडं ऐकून लिफ्टशिवायच खाली आलो. दादरला परवडलं असतं, पण रोज लोकलमध्ये आबांना चढवायचं कोणी? काळा घोडा महोत्सवाचे नऊ दिवस तर आधीच टाळले होते. १९९९ पासून तो भरतोय आणि त्या गर्दीत आबांना पाय ठेवायला जागा मिळाली नसती.

मग मी सरळ फोन लावून एकच प्रश्न विचारायला लागलो, "पायऱ्या किती?" दोघांनी फोन ठेवला. एक काका मात्र भले निघाले. "थांब," म्हणाले आणि फोन कानाला लावूनच जिना उतरले. "बेचाळीस. मधे टेकायला जागा नाही. आजोबांना इथे आणू नकोस बाळ." स्वतःचं गिऱ्हाईक घालवून त्यांनीच मागच्या गल्लीतला एक लॉज सांगितला. तिथे जाळीची लिफ्ट होती. ती सुरू व्हायची सहा पायऱ्या चढल्यावर (हे मुंबईतच बघावं), पण सहा चालल्या. खोलीत खिडकी होती आणि संडास आत. इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून दोन रात्रींचे पैसे भरले.

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी उतरलो. गॅलरीत आबा एका जलरंगाच्या चित्रापुढे तासभर उभे. गुडघ्यांचं नावही नाही! बाहेर २०१७ साली बसवलेला घोडा बघितला. मूळचा पुतळा १९६५ मध्ये हलवला, तो राणीच्या बागेत आहे. या नव्या घोड्यावर स्वार नाही. "बरं झालं," आबा म्हणाले, "मान नीट दिसते."

दुसऱ्या दिवशी समोरचं म्युझियम अर्धंच झालं. रात्री आबा पाय चोळत म्हणाले, "उद्याची एक रात्र मिळेल का रे इथे?"

पाकिटात बघितलं. मग खाली काउंटरवर गेलो.