आधी ठिकाण, मग गाडी, मग कॅमेरा

सहामाही परीक्षा संपत आली, की वर्गात एकच कुजबुज सुरू होते – सहल! मधल्या सुट्टीत डबे उघडायच्या आधी बेत उघडतात. त्या बेतांकडे जरा कान देऊन ऐका हं. एक जण म्हणतो, "आमच्या काकांनी नवी गाडी घेतलीय, तिनं जाऊ." दुसरी म्हणते, "दादानं टोपीवर लावायचा कॅमेरा आणलाय, तो नेऊ." गाडी ठरली, कॅमेरा ठरला, ठिकाणाचं मात्र शेवटी बघू! म्हणजे नवरा-नवरी ठरायच्या आधी वरातीचा बँड ठरवल्यासारखंच झालं, नाही का?

आज आपण सगळे मिळून एक सहल ठरवू या. कागद-पेन्सिल घ्या, आणि आई-बाबांनाही शेजारी बसवा. त्यांचं काम पुढं आहेच!

कुणीतरी नक्की म्हणेल, "बाई, बर्फात जाऊ या!" टीव्हीवर तुम्ही पाहिलंच असेल. पायांना लांब पट्ट्या बांधून माणसं पांढऱ्याशुभ्र उतारावरून सर्रकन घसरत येतात. या खेळाला स्कीइंग म्हणतात. आपल्या देशातही तो खेळला जातो – काश्मीरमध्ये गुलमर्गला, उत्तराखंडात औलीला. पण सोलापूरहून औली गाठायची, तर आधी रेल्वेनं दिल्ली, तिथून हरिद्वार-ऋषिकेश, मग डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यानं जवळजवळ एक अख्खा दिवस. आणि एवढं करून मे महिन्यात गेलात, तर घसरायला तिथं हिरवं गवत! घसरण्याजोगा बर्फ साधारण जानेवारी ते मार्चच्या सुमारास असतो. म्हणून तिकडे जाणारा शहाणा माणूस आधी ऋतू विचारतो आणि मग तिकीट काढतो.

आपल्या सोलापुरात बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर चढतो. पण ऋतू विचारायची ती युक्ती इथंही चालते बरं का! पाऊस चांगला झाला, बोरी नदी भरून वाहू लागली, की नळदुर्ग. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात हत्तरसंग कुडल. थंडी सुरू झाल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत भिगवणचे रोहित पक्षी. आणि पावसाळा सरून गवत सोनेरी झालं, की नान्नजचा माळ. घरापासून फार लांब जायचं नाही, तरी चार ठिकाणं चार तऱ्हेची. यातलं एक निवडलंत, की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

आता गाडीकडे वळू. आमच्या वर्गात हा विषय निघाला, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आमच्या आप्पांचा ट्रॅक्टर हाय की! ट्रॉलीत सगळा वर्ग मावतोय, आन् पैसं बी नाहीत!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "आधी मला सांग, भरलेली ट्रॉली उतारावर कोण थांबवतं?" तो विचारात पडला. तुम्हीही पडा!

सोलापूर जिल्हा हा साखर कारखान्यांचा जिल्हा. गळीत हंगाम सुरू झाला, की उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर डुलत निघतात. सपाटीवर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो. पण उतार लागला, की उलटं होतं. आता ट्रॉलीच ट्रॅक्टरला मागून ढकलू लागते! ओढण्याची ताकद इंजिनात असते, थांबवण्याची ताकद ब्रेकमध्ये. ट्रॉलीला स्वतःचे चांगले ब्रेक नसतील, तर सगळा भार एकट्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. परदेशात काही कुटुंबं चाकांवरचं छोटं घर मोटारीच्या मागे जोडून सहलीला जातात. तिथंही हाच हिशोब. ही मोटार किती वजन ओढू शकते, ते तिच्या माहितीपुस्तकात छापलेलं असतं, आणि त्याच्या वर जायचं नसतं.

वजन किती, एवढंच बघून भागत नाही. ते कुठं ठेवलंय, हेही बघावं लागतं. आजोबांना विचारा, बैलगाडी 'उलाळ' होते म्हणजे काय? ओझं मागं जास्त झालं, की गाडीची पुढची बाजू वर उचलली जाते. ओझं फार पुढं आलं, तर सगळा भार बैलांच्या मानेवर. म्हणून जाणता गाडीवान भरताना ओझं चाकाच्या अंदाजानं मागंपुढं करतो. मोटारीच्या मागे जोडलेल्या त्या चाकांवरच्या घराचंही तसंच. सामान मागच्या टोकाला कोंबलं, की वेगात ते शेपटीसारखं डावी-उजवीकडे झुलू लागतं आणि पुढच्या मोटारीलाही ओढून नेतं. गाडीवानाचं शहाणपण आणि मोटारीचं शास्त्र, दोन्ही एकच!

आणि माणसांचं काय? ट्रॉली ही मालासाठी आहे. तिच्यात बसायला बाक नाही, धरायला दांडी नाही. एका धक्क्यात उभं पोर बाहेर फेकलं जाऊ शकतं. जत्रेला, यात्रेला माणसं ट्रॉलीत बसून जाताना तुम्ही पाहिली असतील. कायद्यानं त्याला परवानगी नाही, आणि ते कारण नसताना नाही. तेव्हा आप्पांच्या ट्रॅक्टरला आपण नमस्कार करू, त्याला उसाकडे पाठवू, आणि आपण एसटीनं जाऊ. शाळेच्या सहलीला एसटी सवलतीत गाडीही देते. नळदुर्ग हैदराबाद रस्त्यावर आहे, साधारण ४५ किलोमीटर. नान्नज बार्शी रस्त्यावर, सुमारे २० किलोमीटर. भिगवण तर सोलापूर–पुणे लोहमार्गावरचं स्टेशन.

भिगवणला मात्र आणखी एक वाहन लागतं – नाव. उजनी धरणाच्या फुगवट्यात रोहित पक्षी उथळ पाण्यात उभे असतात. ते जवळून पाहायला नावेतून जावं लागतं. इथं पालकांनो, तुमचं काम! अंगावर चढवलेलं जीवरक्षक जॅकेट नसेल, तर नावेत पाय ठेवायचा नाही. वारा सुटला असेल, तर जॅकेट असूनही नाही. २०२४ च्या मे महिन्यात याच उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं प्रवासी नाव उलटली आणि सहा जण बुडाले. पक्षी पुढच्या रविवारीही तिथंच असतात. "चला, काही होत नाही," असं म्हणणाऱ्याचं त्या दिवशी ऐकायचं नाही.

ठिकाण झालं, गाडी झाली. आता कॅमेरा. टोपीवर, सायकलीच्या दांड्यावर लावायचे जे चिमुकले कॅमेरे असतात, त्यांना ॲक्शन कॅमेरा म्हणतात. ते धक्के सोसतात, पाण्यानं सहसा बिघडत नाहीत आणि त्यांची भिंग रुंद नजरेची असते. म्हणजे समोरचं पुष्कळ काही एका चौकटीत मावतं. स्कीइंग करणाऱ्याला हेच हवं असतं – त्याचे पाय, उतार, आभाळ, सगळं एकदम. पण रुंद नजरेची एक गंमत आहे. ती लांबची वस्तू आणखी लहान करून टाकते! माळावरच्या काळविटाचा फोटो त्या कॅमेऱ्यानं काढलात, तर घरी आल्यावर आजी विचारेल, "हा मुंगळा कुठला रे?"

म्हणून कॅमेराही ठिकाणालाच विचारा. नळदुर्गला बोरी नदीवर आदिलशाही काळातला दगडी बंधारा आहे आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. नदी भरली, की बंधाऱ्यावरून 'नर' आणि 'मादी' असे दोन धबधबे कोसळतात, तुषार अंगावर येतात. तिथं तो पाण्याला न भिणारा, रुंद नजरेचा कॅमेरा शोभून दिसतो. मात्र फोटोसाठी कठड्यावर चढायचं नाही.

हत्तरसंग कुडलची गोष्ट निराळी. तिथं भीमा आणि सीना या नद्यांचा संगम आहे. संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. आपल्या मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी तो एक! हजार वर्षांपूर्वीची अक्षरं झिजून गेलेली. समोरून फ्लॅश मारला, की ती नाहीशीच होतात. त्याऐवजी मैत्रिणीला बाजूनं विजेरीचा तिरपा उजेड पाडायला सांगा. प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली साठते आणि अक्षरं उठून दिसतात. साधा मोबाइल पुरतो! अक्षरं उठावदार दिसावीत म्हणून त्यांच्यावर खडू घासायचा नाही, तेल लावायचं नाही, हे मी तुम्हांला सांगायला हवं का?

आणि नान्नज? तिथं कॅमेऱ्याच्याही आधी दुर्बीण. दुर्बिणीवर ८×४२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातल्या ८ चा अर्थ, वस्तू आठपट जवळ दिसेल. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं, तर उजेड जास्त. पण फार मोठी दुर्बीण घेतली, की हात भरून येतात आणि पक्षी थरथरू लागतो. वर्गात मिळून एक दुर्बीण असली, तरी पाळी लावून सगळ्यांना पाहता येतं. बाकीच्यांनी तोवर वहीत लिहायचं – किती वाजता, काय, कुठं, काय करत होतं.

मी सहल ठरवताना हा क्रम इतका घोकून घेतेय, त्याचं खरं कारण नान्नजलाच आहे. त्या माळावर माळढोक नावाचा पक्षी राहत आला. नावातच त्याचा पत्ता! मीटरभर उंच, नराचं वजन १५ किलोपर्यंत. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत तो जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. १९७९ साली त्याच्यासाठी सोलापूर आणि त्या वेळचा अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांत अभयारण्य झालं. हा राजबिंडा पक्षी घरटं बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला बहुधा एकच अंडं घालते. एकच!

आता विचार करा. कुणीतरी मोठी जीप घेऊन येतो. जीप अवघड वाटेवर चालते, म्हणून तो रस्ता सोडून गवतात घालतो. त्याच्या चाकाखाली काय आलं, ते त्याला कळतसुद्धा नाही. दुसरा कॅमेरा घेऊन येतो. फोटो जवळून हवा, म्हणून पक्ष्याच्या मागं मागं जातो. मादी अंड्यावरून उठते. उन्हात उघडं पडलेलं अंडं कुत्र्याला, कावळ्याला सापडतं. माळढोक कमी व्हायला कारणं पुष्कळ आहेत. शिकार झाली, माळ नांगरून शेतं झाली, त्याला समोरच्या विजेच्या तारा नीट दिसत नाहीत म्हणून तो त्यांवर आदळला. ती कारणं मोठ्यांच्या जगातली आहेत. पण त्यांत आपल्या सहलीची भर नको, एवढं तर आपल्या हातात आहे?

२०११ साली जगातल्या अगदी संकटात सापडलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव गेलं. आज साऱ्या देशात रानात उरलेले माळढोक दीडशेही नसावेत, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानातल्या जैसलमेरकडे. नान्नजला तो अलीकडे क्वचितच दिसला आहे. तुम्ही जाल त्या दिवशी दिसेल, असं वचन मी देत नाही. दिसतील ती काळवीटं, चंडोल, हिवाळ्यात गवतावरून तरंगत जाणारा भोवत्या, आणि नशीब असेल तर दूर कुठं लांडगा. त्यांचंही घर तेच गवत.

म्हणून नान्नजला जायचं, तर वनखात्याची परवानगी काढायची. गाडी रस्त्यावर उभी करायची, आणि आत पायवाटेनं, वनकर्मचारी सांगतील तेवढंच चालायचं. भडक कपडे नकोत, मातकट रंगाचे बरे. गाणी बसमध्ये, माळावर कुजबुज. परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही. पाण्याची बाटली, टोपी, वही, दुर्बीण बरोबर. बिस्किटांची कागदं परत शाळेत.

तर घ्या तो कागद. वर ठिकाणाचं नाव लिहा. त्याखाली ऋतू. मग पाहा, तिथं कोण राहतं – माणूस, पक्षी, नदी की जुना दगड. त्यानंतर गाडी, आणि सगळ्यांत शेवटी कॅमेरा. कागद बाबांना दाखवा, आईला दाखवा, मग बाईंना नाहीतर गुरुजींना. त्यांनी खोडलं, तर का खोडलं ते विचारा, आणि पुन्हा लिहा. गवत सोनेरी व्हायला अजून थोडे दिवस आहेत. तोवर परवानगीचा अर्ज लिहून होईल!