वहिनीला बोल लावू नका

नांदेड

चि. भाऊस,


लेकराचा जनुकीय तपासणीचा रिपोर्ट वाचला. फोनवर तू मोकळेपणी बोलत नाहीस, म्हणून लिहिते. पहिली गोष्ट ही की यात वहिनीचा काडीचाही दोष नाही. ग्रहणाचा नाही, बाहेरच्या बाधेचा नाही.

आजाराचं नाव द्रावे सिंड्रोम. शार्लोट द्रावे या फ्रेंच डॉक्टरबाईंनी १९७८ साली तो पहिल्यांदा मांडला, आणि २००१ मध्ये त्यामागचं एससीएन१ए हे जनुक सापडलं. मेंदूच्या पेशींत सोडियमची ये-जा या जनुकावर चालते. ते बिघडलं की मेंदूला आवर घालणाऱ्या पेशी ढिल्या पडतात आणि तापात झटके येतात. तुम्हा दोघांच्या तपासणीत हा बदल सापडला नाही. बहुतेक लेकरांत तो नव्यानेच झालेला असतो.

अप्पा म्हणतात, लसीनंच झालं. लसीच्या तापात पहिला झटका आला हे खरं. पण लसीमुळे मेंदू बिघडला असं मानलेल्या १४ जणांची ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा ११ जणांत हाच जनुकबदल निघाला. हा अभ्यास २००६ सालचा. ताप निमित्त झाला, आजार आधीपासून होता. पुढच्या लसी चुकवू नका. तापाचं औषध कसं द्यायचं ते डॉक्टरांना आधी विचारा.

या आजाराचं मूळ कारण मिटवणारं औषध आज नाही, आणि वाढ मागे पडण्याची भीती आहे. हे तुझ्यापासून लपवणार नाही. तरीही रिपोर्ट फार मोलाचा आहे. कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही झटक्यांची नेहमीची औषधं या आजारात झटके वाढवतात. हेच कार्बामाझेपिन केसीएनक्यू२ या जनुकाच्या बिघाडात नवजात बाळांना उपयोगी पडतं. काही बाळांचे झटके तर ब६ जीवनसत्त्वानं थांबतात. ते आयुष्यभर घ्यावं लागतं. म्हणून नेमकं निदान हवं.

झटका आला की कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलामचा नाकातला फवारा मारा आणि लगेच दवाखाना गाठा.

दुसऱ्या बाळाची भीती वहिनीला खाते आहे. बदल नव्यानं झालेला असला की पुन्हा तसंच होण्याचा धोका थोडा असतो, अगदी शून्य नसतो. आईबाप दोघांकडून बिघडलेली प्रत येते त्या आजारांत मात्र प्रत्येक खेपेला तो चारात एक असतो; नात्यात सोयरीक करताना आपल्या भागात याचा विचार व्हायला हवा. दिवस राहण्याआधी जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्या.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना लेकराची वाढ दाखव. रिपोर्टची प्रत आणि टाळायच्या औषधांची यादी कायम सोबत असू दे. हिंगोलीला न्या की नांदेडला, डॉक्टरांच्या हाती ती आधी द्या. आणि हे पत्र माय-अप्पांना मोठ्यानं वाचून दाखव. वहिनीच्या बाजूनं आता तूच बोलायचं आहेस.

तुझी,
आक्का