अंबारीचें ओझें

अंबारी आणि हौदा हे शब्द हल्लीं सर्रास एकाच अर्थानें वापरले जातात. छत असलेली ती अंबारी व उघडा तो हौदा, हा भेद आमच्या लहानपणीं घरांतील वडीलधाऱ्यांस ठाऊक असे. दोन्ही शब्द मूळचे बाहेरचे. अमरकोशांत हत्तीच्या झुलीला कुथ आहे, परिस्तोम आहे. पोटाखालून आवळावयाच्या दोराला दूष्या, कक्ष्या, वरत्रा अशीं तीन नांवें आहेत. पण वरील बैठकीसाठीं त्या यादींत शब्द आढळत नाहीं. सांचीच्या तोरणांवरील गजारूढ पुरुषही हत्तीवर मांड टाकूनच बसलेले दिसतात. हौदा आला तो अरबी ‘हौदज’ या शब्दावरून, आणि हौदज म्हणजे स्त्रियांसाठीं उंटावर केलेली झांकलेली बैठक. मूळ घरीं जें झांकलेलें होतें, तें आमच्याकडे येऊन उघडें झालें! सन ६५६ मध्यें बसऱ्याजवळच्या लढाईंत पैगंबरांच्या पत्नी आयेशा अशाच हौदजांत होत्या. लढाईचा सारा जोर त्यांच्या उंटाभोंवतीं लोटला, तो उंट पाडल्यावरच ती थांबली, आणि इतिहासांत तिला नांवही उंटाची लढाई असेंच पडलें.

हत्तीवरील बैठकीचें तरी निराळें काय? शाळेंत आम्ही तीस वर्षें पानिपत शिकविलें. १४ जानेवारी १७६१ रोजीं विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि रिकामी अंबारी पाहून सैन्यानें धीर सोडला, असें सांगतां सांगतां दरवर्षीं आमचा कंठ दाटून येई. एके वर्षीं मागच्या बांकावरच्या एका मुलानें विचारलें, “गुरुजी, मग मुळांत हत्तीवर बसायचेंच कशाला?” प्रश्न उद्धट नव्हता. त्याच पानिपतावर १५५६ सालीं हेमू हत्तीवर असतांनाच डोळ्यांत बाण लागून कोसळला व जिंकत आलेली लढाई हरला. १६५८ त सामूगढला दारा शुकोह हत्तीवरून उतरला, आणि धनी गेला असें समजून त्याची फौज पांगली. तरीही सेनापति वर चढतच राहिले. कारण त्यांचें दिसणें हीच सैन्याची हिंमत होती. आम्ही त्या मुलास एवढेंच म्हणालों कीं, उंचावर बसणाऱ्यास खालीं उतरण्याची मोकळीक नसते.

पुढें पुढें तर बसणाऱ्यापेक्षां बैठकच मोठी झाली. तेराव्या शतकांत सुलतान बैबर्स याच्या काळापासून कैरोहून मक्केस जाणाऱ्या यात्रेबरोबर ‘महमल’ नांवाचा भरजरी हौदज उंटावरून जात असे. त्यांत कोणीही बसत नसे. तो रिकामा हौदज म्हणजेच सुलतानाची सत्ता. पानिपतावर जी रिकामी बैठक पाहून फौज पळाली, तशीच बैठक पाहून तिकडे लोक वाट देत! म्हैसूरच्या दसऱ्यास पूर्वीं महाराज स्वतः सुवर्ण-अंबारींत बसत. आतां तींत चामुंडेश्वरीची मूर्ति विराजमान होते. अंबारीचें वजन सुमारें ७५० किलो. तें पेलावें म्हणून आधींचे कित्येक आठवडे हत्तीच्या पाठीवर वाळूचीं पोतीं लादून त्याच्याकडून सराव करवितात. २०१२ ते २०१९ आठ वेळां ती अंबारी अर्जुन नांवाच्या हत्तीनें वाहिली. डिसेंबर २०२३ मध्यें रानटी हत्ती पकडण्याच्या मोहिमेंत झुंजतांना तो मेला. शाळेंत शिकविलेल्या एकाही लढाईंतील अंबारीच्या हत्तीचें काय झालें, हें आम्हीं मुलांस कधीं सांगितलें नव्हतें. पुस्तकांत तें नसेच.

हत्तीचा देह एवढा प्रचंड, त्यास भाराचें तें काय, असा सर्वांचा समज. परंतु त्याच्या पाठीच्या कण्यांतून हाडांचीं टोकें वर उभीं असतात. भार बरगड्यांवर दोहों अंगांस न पडतां कण्यावर पडला, तर इजा होते. म्हणूनच हौद्याखालीं जाड गादी घालतात. माहूत मानेवर बसतो तें उगीच नव्हे.

गेल्या माघांत सहकुटुंब जयपुरास जाणें झालें. आमेरच्या किल्ल्यावर हत्तीच्या हौद्यांतून चढावें, ही आमच्या थोरल्या बंधूंची बालपणापासूनची हौस. त्यांचे गुडघे आतां साथ देत नाहींत. दादा म्हणाले, “अरे, जन्मभर मुलांस अंबाऱ्या सांगितल्यास, आतां बैस कीं माझ्या शेजारीं!” आम्ही म्हणालों, “दादा, तुम्ही नि वहिनी बसा. मी पायीं येतों.” दादांना तें लागलें, हें त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसलें. त्यांच्याजवळ बसणें हें कर्तव्य खरेंच. पण मन धजेना. नातीनें आमचा हात धरला. चढणभर आमची दृष्टि हौद्याकडे न जातां हत्तीच्या पोटाखालच्या दोराकडे होती. दोर जेथें घासत होता तेथें केंस नव्हते, आणि कातडी पांढुरकी पडली होती. सूरजपोळीतून आंत शिरतांना दादांनीं वरून हात हालविला. पंचाहत्तर वर्षांचा माणूस लहान मुलासारखा हंसत होता. आम्हींही हात हालविला.

उतरल्यावर त्यांनीं प्रथम विचारलें, “दमलास कां रे?” हत्तीबद्दल ते कांहीं बोलले नाहींत, आम्हींही काढलें नाहीं. परततांना सर्वांनीं जीप केली.