गाळलेल्या ओळी

आमच्या वडिलांना वहीत टिपणे ठेवण्याची सवय होती. आळीत कुणाचे निधन झाले की त्याचे नाव, घर व तारीख ते लिहून ठेवीत. मात्र त्याच वहीत भाताचे पीक, मजुरांचा हिशेब आणि पावसाच्या नोंदीही असत. गतवर्षी घरातील मुलांनी ती सारी वही संगणकावर उतरविली. नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. घरच्या प्रार्थनेत वाचण्यासाठी आम्हांला केवळ नावे हवी होती. ती निवडण्याचे काम आम्ही ‘पर्ल’ या संगणकभाषेवर सोपविले.

ही भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. ते भाषाशास्त्राचे अभ्यासक. नाव ठेवताना त्यांच्या मनात मत्तयच्या शुभवर्तमानातील मौल्यवान मोत्याचा दाखला होता. पण मोत्याच्या इंग्रजी नावाची दुसरी एक संगणकभाषा आधीच होती, म्हणून त्यांनी एक अक्षर गाळले. मजकुराच्या राशीतून हवे तेवढे वेचणे हे पर्लचे खास काम. त्यासाठी ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ नावाचा नमुना लिहावा लागतो : अमुक शब्द, पुढे काहीही, मग चार आकडे. पर्ल प्रत्येक ओळ या नमुन्याशी ताडून पाहते. जुळली, तर कंसात घातलेला भाग वेगळा काढून देते. न जुळली, तर अवाक्षर न काढता पुढे जाते.

‘निधन’ हा शब्द आणि चार आकडी साल असा नमुना आम्ही रचला. क्षणार्धात १४३ नावे हाती आली. यंत्राने काढलेली यादी पूर्णच असणार, या भरवशावर आम्ही ती तपासली नाही. प्रार्थना संपली तेव्हा वयोवृद्ध आत्या हळूच म्हणाली, “पोरांनो, तुमच्या धाकट्या भावाचं नाव नाही वाचलंत?”

आम्ही खजील झालो. शोध घेता एक चूक सापडली. नमुन्यात आम्ही फक्त इंग्रजी शून्य ते नऊ मागितले होते. पुतणीने मात्र आपल्या वाट्याची पाने वहीतल्याप्रमाणे देवनागरी आकड्यांत उतरविली होती. मजकूर युनिकोड आहे असे पर्लला सांगितले आणि ‘कोणत्याही लिपीचा आकडा’ असे चिन्ह वापरले, तेव्हा आणखी ३१ नावे आली. भाऊ त्यांतही नव्हता.

अखेर आम्ही उलटा हुकूम दिला : ज्या ओळी जुळत नाहीत, त्याच दाखव. त्या रात्री भात, मजुरी व पाऊस यांच्या ओळी आम्ही एकेक करून डोळ्यांनी वाचल्या. १९६१ च्या पावसाच्या दोन नोंदींमध्ये वडिलांचे अक्षर बोलले : ‘आज आमचा धाकटा देवाघरी गेला.’ इतरांसाठी लिहिलेला ‘निधन’ हा शब्द स्वतःच्या लेकरासाठी लिहिण्यास त्यांचा हात धजला नव्हता. पुढे सालही नव्हते.

शुभवर्तमानात मोत्याच्या दाखल्यालगतच जाळ्याचा दाखला येतो. त्यातले कोळी जाळे काठावर ओढून खाली बसतात आणि मगच निवड करतात. आम्ही ते बसणे टाळले होते. आता यादी काढली की गाळलेल्या ओळींचीही एक प्रत आम्ही काढतो, आणि ती आधी वाचतो.