हिंगणघाटचें थडगें

कीर्तीचा न्याय मोठा विचित्र आहे. जगांतील सर्वांत उंच शिखराचें नांव शाळेंतल्या प्रत्येक मुलास पाठ असतें. परंतु ज्या उद्योगांतून त्या शिखराची उंची निघाली, त्याचा जनक विल्यम लॅम्बटन आपल्याच वर्धा जिल्ह्यांत हिंगणघाट येथें चिरनिद्रा घेत आहे, हें आपणांपैकीं कितीजणांस ठाऊक असतें?

लॅम्बटन पेशानें सैनिक. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडलें आणि इंग्रजांच्या हातीं अफाट मुलूख आला. न मोजलेल्या मुलखावर सारा बसविणें कठीण आणि त्यांतून फौज नेणें त्याहून कठीण. म्हणून लॅम्बटनच्या योजनेस रुकार मिळाला. १८०२ च्या एप्रिलांत मद्रासजवळ त्यानें साखळीनें साडेसात मैलांची पायाची रेषा मोजण्यास आरंभ केला. त्रिकोणाची एक बाजू व कोन कळले कीं उरलेल्या बाजू गणितानें निघतात, एवढीच काय ती युक्ति. परंतु कोन घेण्याचें यंत्र सुमारें अर्ध्या टनाचें! १८०८ सालीं सरफोजीराजांच्या तंजावरांत, देवळावर चढवितांना दोर तुटून तें आदळलें व त्याचें चक्र वांकलें. दुसरा एखादा विलायतेस पत्र लिहून स्वस्थ बसला असता. या गृहस्थानें तंबूंत बसून, सुमारें सहा आठवडे खपून, तें आपल्या हातांनीं सरळ केलें.

२० जानेवारी १८२३ रोजीं, हैदराबादेहून नागपुराकडे जातांना, तो वारला. पुढील काम जॉर्ज एव्हरेस्टनें हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलें. १८५६ सालीं शिखराची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. त्या गणितांत बंगालच्या राधानाथ शिकदारांचा मोठा वांटा होता. २०२० सालीं नेपाळ व चीन यांनीं ८,८४८.८६ मीटर हा आंकडा दिला. म्हणजे फरक अवघा तीस फुटांचा! नांव मात्र लागलें तें एव्हरेस्टचें, आणि तेंही त्याच्या मनाविरुद्ध; कारण या देशाच्या लोकांस तें नीट उच्चारतां येणार नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें.

परक्या सत्तेच्या या सेवकाचें स्मरण आम्हीं कां करावें, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ही मोजणी आमच्या हितासाठीं झाली नाहीं. साऱ्यासाठीं व फौजेसाठीं झाली. परंतु ज्ञान हें धन्याच्या घरीं बांधून राहत नाहीं. १९४७ सालीं राज्य गेलें, नकाशे राहिले, आणि त्यांच्या आधारें आम्हीं आमचीं धरणें बांधलीं. म्हणून हेतूचा निषेध आणि श्रमाचा आदर, हीं दोन्हीं एकाच मनांत नांदूं शकतात असें आम्हांस वाटतें.

मात्र तो आदर एकट्या लॅम्बटनपाशीं थांबूं नये. तें अवजड यंत्र डोंगरमाथ्यांवर चढविणारे, निशाणें धरून दिवसचे दिवस उभे राहणारे आणि रानांत तापानें मेलेले खलाशी आमचेच होते. लॅम्बटनला निदान थडगें तरी मिळालें. त्यांच्या वांट्यास दगडही आला नाहीं.