क्षीण म्हणजे मृत नव्हे

बीसीजी म्हणजे तान्ह्या मुलांच्या दंडावर टोचायची क्षयाची लस, एवढीच तिची ओळख आपल्याला असते. माझ्या मामांच्या मूत्राशयाच्या कर्करोगावर हीच लस योजली जाणार, असे कळले तेव्हा घरात सर्वांनाच नवल वाटले.

कर्करोग अस्तरापुरताच होता. दुर्बिणीतून गाठ काढल्यावर सहा आठवडे, दर आठवड्याला एकदा, नळीवाटे बीसीजीचे द्रावण मूत्राशयात सोडायचे आणि दोन तास लघवी थोपवून धरायची, असा तो क्रम. फ्रान्समधील लील येथे काल्मेत आणि गेरँ यांनी 1908 ते 1921 या काळात गायीच्या क्षयजंतूचे 230 वेळा संवर्धन करून त्याला क्षीण केले. कॅनडातील आल्वारो मोरालेस यांनी 1976 मध्ये या कर्करोगावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. जंतूमुळे प्रतिकारशक्ती जागी होते आणि तीच कर्करोगाच्या पेशींवर चालून जाते. त्यासाठी मात्र जंतू जिवंत असावा लागतो.

या जिवंतपणाचा अर्थ दीड वर्षाने कळला. संध्याकाळची कणकण, घटणारे वजन, कंबरेतला ठणका. वय झाले, मणका झिजला, अशी उत्तरे मिळत गेली. अखेर सीटी स्कॅनमध्ये पोटातील महाधमनीला फुगवटा दिसला. जंतूंनी तिची भिंत पोखरली होती. ही गुंतागुंत अतिशय दुर्मिळ. पण फुगवटा फुटला, तर जीव वाचणे कठीण.

तो भाग काढून कृत्रिम नळी बसवली गेली. काढलेल्या ऊतीत क्षयजंतू आढळले. या रुग्णालयाच्या कागदांवर 'कर्करोग, शस्त्रक्रिया झालेली' एवढीच नोंद होती. एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारले, "काका, तुमच्या मूत्राशयात कधी बीसीजी सोडली होती का?" त्या प्रश्नाने औषधेच बदलली. क्षयावर नेहमी दिले जाणारे पायराझिनामाइड गायीच्या या जंतूवर चालत नाही.

भाषेच्या शिक्षकाला विशेषणांचे वजन ठाऊक असते. 'क्षीण' हे विशेषण आहे. जंतू हे नाम तसेच उरते. म्हणून ही उपचारपद्धती टाकाऊ ठरत नाही. तिने असंख्य रुग्णांचे मूत्राशय वाचवले आहे, आणि बहुतेकांचा त्रास जळजळ नि किरकोळ तापापलीकडे जात नाही. परंतु 'बीसीजी दिली होती' हे तीन शब्द वर्षे उलटली तरी प्रत्येक कागदावर असावेत. मामा आता नव्या डॉक्टरांना आधी तेच सांगतात, नाव नंतर.