झुडपाखालची भाकर

मंडळीतल्या तरुण संघाचं काम बाहेरून मोठं उत्साहाचं दिसतं. नाताळात टेम्पोतून कॅरल गात फिरणारी पोरं, उन्हाळी शिबिर, बायबल क्विझ, रविवारच्या उपासनेत पुढे उभा राहिलेला गाणाऱ्यांचा गट. जो हे काम करतो त्याच्या वाट्याला मात्र जास्त करून फोन येतात. बारावीत राहिलेल्या मुलीचा रात्री उशिरा आलेला फोन. नागापूरच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागलेल्या, शिफ्टमुळे उपासना चुकणाऱ्या मुलाचा फोन. बाप पिऊन आला की अंगणात येऊन हळू आवाजात बोलणाऱ्या पोराचा फोन. आणि सकाळी कमिटीतल्या एखाद्या काकांचा, की तबला-पेटी होती तेव्हा काय देव ऐकत नव्हता, हा ड्रमसेट कशाला?

नगरच्या एका मंडळीत मी नोकरी सांभाळून हे काम करत आले. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडी नगरच बसलंय.) काकांच्या फोनचा मला कधी फार त्रास झाला नाही. त्यांनी या मंडळीत हयात घालवली आहे, त्यांचं प्रेमच तसं बोलतं. थकवणारी गोष्ट वेगळी होती. विश्वासाच्या बाबतीत ताई कधी रिकामी नसते, असं सगळे धरून चालत. पोरांनी यावं, आपलं मडकं भरून न्यावं. मडकी भरणारीची विहीर आटू शकते, हा विचार कुणाच्या मनात येत नसे, माझ्याही नाही.

२०२१ची कोरोनाची दुसरी लाट आली आणि ती विहीर आटली.

त्या एप्रिल-मे महिन्यांत तरुण संघाची पोरं विलक्षण राबली. डबे पोचवले, ऑक्सिजनसाठी वणवण केली, दफनाला माणसं नव्हती तिथे उभी राहिली. आमच्यातल्या एका मुलाचे वडील दवाखान्यात होते. आम्ही साखळी प्रार्थना लावली. दिवसरात्र, एकेक तास एकेकाने वाटून घेतलेला. पहाटे तीनचा तास कॉलेजातल्या एका मुलीने मागून घेतला होता. वडील गेले.

काही आठवड्यांनी तो मुलगा मला म्हणाला, “ताई, आपण प्रार्थना केली होती ना?” त्याच्या आवाजात राग नव्हता. पत्ता चुकलेला माणूस विचारतो तसं त्याने विचारलं. मला एरवी पाठ असलेली सगळी उत्तरं त्या क्षणी आठवली आणि त्यातलं एकही त्याच्यापुढे ठेवावंसं वाटलं नाही. मी त्याच्याजवळ नुसती बसून राहिले.

त्यानंतर माझं एक विचित्र चालू झालं. सभेत प्रार्थनेला उभी राहिले की शब्द येत, चांगले येत, बायका डोळे पुसत. घरी खोलीचं दार लावून गुडघे टेकले की काही नाही. ‘हे प्रभू’ म्हणायचं आणि थांबायचं. बायबल उघडलं की मनात पहिला विचार, यातलं शुक्रवारी पोरांना काय देता येईल. स्वतःसाठी वाचायची सवयच मोडली होती. देव नाही असं मला कधी वाटलं नाही, खरं सांगते. तो माझ्याशी बोलत नाही, असं वाटे, आणि त्याच्या नावाने मी मात्र बोलतच होते. काम सोडावं, हे पाळकसाहेबांना सांगायची वाक्यंही मी मनात जुळवली होती.

अशात शुक्रवारच्या बायबल अभ्यासाला १ राजे, एकोणिसावा अध्याय आला. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळतो, अरण्यात एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. हा भाग मी आधीही शिकवलेला. नेहमी होरेब डोंगरावरच्या प्रसंगावर भर द्यायचे: वारा, भूकंप, अग्नी आणि त्यांच्यानंतरची ती मंद वाणी. झुडूप एका वाक्यात उरकायचे.

दहावीतल्या एका मुलीने मध्येच हात वर केला. “ताई, देव त्याला रागावला कसा नाही?”

मी पुन्हा वाचलं. खरंच, रागावलेला नाही. एवढे चमत्कार पाहूनही तू असा कसा, असं एका शब्दाने विचारत नाही. एलीया झोपतो. दूत त्याला हलवून उठवतो तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेही खायलाच, आणि कारण सांगतो ते एवढंच की पुढची वाट तुला झेपणारी नाही. उपदेश नाही, कामाची आठवण नाही. ‘तू इथे काय करतोस’ हा प्रश्न देव विचारतो, पण नंतर. आधी दोन वेळचं जेवण आणि दोन झोपा.

पोरांसमोर माझा गळा दाटून आला आणि मी तो लपवला नाही. त्यांना सांगितलं की पुष्कळ महिन्यांपासून मला स्वतःसाठी प्रार्थना करता येत नाहीये. खोलीत शांतता झाली. मग ज्याचे वडील गेले होते तो मुलगा म्हणाला, “मग आज आम्ही करतो.” त्यांनी केली. अडखळत, नगरी बोलीत, एकाने तर मध्येच “तिला झोप दे” असं मागितलं. त्या रात्री मला झोप लागली.

त्या मुलासोबत मी नंतर स्तोत्रं वाचायला लागले. ८८वं स्तोत्र आमच्या उपासनेत क्वचितच वाचलं जातं, कारण ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. शेवटी स्तुतीचं वळण येत नाही. तो ओळीखाली अंगठा धरून वाचत होता. संपल्यावर त्याने पान उलटून पाहिलं, पुढे काही आहे का. पुढे ८९वं स्तोत्र होतं. “हे बायबलात ठेवलंय?” म्हणाला. ठेवलंय. देवाला उद्देशून केलेली तक्रारही प्रार्थनाच आहे, हे मी शिकवत आले होते. ते त्याच्या चेहऱ्यावर पटताना पाहिलं आणि मलाही पटलं.

पुढच्या वर्षी आम्ही केडगावला गेलो. नगरला लागून आहे ते नव्हे, दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. पोरांना त्यांची कर्तबगारी माहीत होती, शाळेच्या पुस्तकातून. मला सांगायचं होतं दुसरंच. रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला १८८३ साली, इंग्लंडात. १८८९मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. आणि १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणी सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. म्हणजे इतक्या विधवा मुलींना हात देणाऱ्या या बाईचं स्वतःचं शोधणं त्या कामाच्या बरोबरीनेच चाललं होतं. मला याने फार बळ आलं. शोध संपल्यावरच सेवेला लागायचं, असा नियम असता तर शारदा सदन निघालंच नसतं.

त्यांची लेक मनोरमा १९२१मध्ये गेली. सगळा कारभार जिच्या हाती सोपवायचा तीच गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत होत्या, मुक्तीतल्या मुली छापखान्यात खिळे जुळवत होत्या. काम हातावेगळं करून १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. मुक्तीच्या आवारात उभं राहून मी हे सांगत असताना त्या मुलाने हळूच विचारलं, “त्यांना उत्तर मिळालं असेल का?” मी म्हटलं, ठाऊक नाही, पण त्यांनी भाषांतर सोडलं नाही, आणि ज्याच्याशी भांडायचं त्याचंच पुस्तक होतं ते.

चिकाटी म्हणजे दात-ओठ खाऊन धरून ठेवणं, असं मी तरुणपणापासून समजत आले. आता तसं वाटत नाही. माझी पकड सुटली होती तेव्हाही मी पडले नाही. मला पोरांनी धरलं होतं, आणि पोरांना कुणी धरलं होतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हाच माझा विश्वास. पूर्वीपेक्षा लहान असेल, पण माझा स्वतःचा आहे.

कोरडे आठवडे अजूनही येतात. तेव्हा मी उपासनेत मागच्या बाकावर बसते आणि इतरांना गाऊ देते. फोन आता चौघांत वाटलेले आहेत. ज्या घरात माणूस गेलंय तिथे जायचं काम तो मुलगा पाहतो. तो फार बोलत नाही, लोक त्यालाच बोलावतात.

यंदाच्या शिबिराच्या वेळापत्रकावरून कमिटीत चर्चा झाली. पहाटे पाचची प्रार्थना ही आमची जुनी रीत. पोरं वर्षभराची दमून येतात, पहिल्या दिवशी त्यांना हवं तेवढं झोपू द्यावं आणि उठल्यावर पोटभर नाश्ता, मग प्रार्थना, असं मी मांडलं. काकांनी विचारलं, याला वचनाचा आधार काय? मी १ राजे १९ उघडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळा अध्याय वाचला, आणि नाश्त्याच्या पोह्यांचा खर्च आपल्याकडे लावून घेतला.